डॉक्टरांनी फोनचा आणि सोशल मीडियाचा डेटा मागितलाय, तुम्ही दिला असता का?

पहाटवारा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच विचारतोय आणि जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

मला बायपोलर आहे (मन कधी फार चढतं, कधी फार खाली जातं), निदान होऊन सहा वर्षं झाली, लिथियम या औषधावर आहे आणि गेलं दीड वर्ष बऱ्यापैकी स्थिर आहे. माझ्या डॉक्टर एका अभ्यासात आहेत आणि त्यांनी विचारलं की येशील का. एक ॲप फोनमध्ये टाकायचं, ते मागे आपलं आपलं चालू राहणार, आपण काही करायचं नाही. स्क्रीन कधी चालू झाली कधी बंद झाली, दिवसात किती पावलं चाललो, कुठे कुठे गेलो, किती कॉल आले किती केले (बोलणं काय झालं ते नाही, फक्त वेळ आणि मिनिटं), टाइप करताना बोटं किती भरभर चालली, एवढं ते नोंदवणार. शिवाय फेसबुक आणि इन्स्टाग्रामसाठी वेगळी सही आहे, म्हणजे आपणच आपल्या अकाउंटची सगळी फाइल डाउनलोड करून त्यांच्याकडे द्यायची.

संमतीपत्र १४ पानांचं आहे आणि प्रत्येक गोष्टीपुढे वेगळी चौकट. झोप आणि पावलं यावर मी लगेच टिक केली. लोकेशनपाशी पेन थांबलं. सोशल मीडियापाशी पेन खालीच ठेवलं आणि म्हटलं घरी जाऊन वाचतो.

कारण सांगतो. दोन वर्षांपूर्वी मॅनियात, म्हणजे मन फार चढलेलं असताना, मी एका रात्रीत चाळीसेक पोस्ट टाकल्या होत्या, ज्यांच्याशी दहा दहा वर्षं बोललो नव्हतो त्यांना पहाटे तीन वाजता मेसेज केले होते, काही फार वाईट, काही फार प्रेमाचे, आणि लाज दोन्हीची सारखीच वाटते. आता डॉक्टरांच्या बाजूने बघितलं तर तीच रात्र त्यांच्या सगळ्यात कामाची आहे हेही मला कळतं. त्याच आठवड्यात मी त्यांना फोनवर सांगितलं होतं की एकदम छान चाललंय, आणि तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं, खोटं बोलत नव्हतो.

तर विचारायचं असं की तुमच्यापैकी कुणी असा डेटा दिलाय का, काय दिलं आणि काय नाही दिलं, आणि त्याचा तुम्हाला स्वतःला काही उपयोग झाला का. अजून एक, डॉक्टर खूप चांगल्या आहेत, माझ्या सगळ्यात वाईट काळात त्यांनी मला धरून ठेवलंय, त्यामुळे त्यांना नाही म्हणायला जीभच रेटत नाहीये. हे पण बरोबर नाही ना?

कोरा_कागद

मी दिला होता, आठ महिने. माझं डिप्रेशन, वारंवार येणारं.

पहिले दोन आठवडे फोन हातात घेतला की आठवायचं कुणीतरी बघतंय. मग विसरून गेले, आणि ते विसरणं चांगलं की वाईट हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

उपयोगाचं आधी सांगते. दर भेटीत डॉक्टर विचारायचे झोप कशी आहे आणि मी म्हणायचे ठीक आहे. कितीतरी वर्षं हेच चालू. कारण खोलीत समोर बसलं की नेमकं आदल्या एकदोन रात्रींचंच आठवतं, आणि तसंही डिप्रेशनमध्ये आपल्याला आपलं काहीच सांगण्यासारखं वाटत नाही. तिसऱ्या महिन्यात त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. एकेक रात्र म्हणजे एकेक आडवी पट्टी, फोन बंद असेल तिथे गडद, चालू असेल तिथे फिकट. आधीच्या महिन्यातल्या पट्ट्या एकसंध गडद होत्या. त्या महिन्यातल्या सगळ्या मध्येच तुटलेल्या, ३:४० ला उजेड, ४:१० ला उजेड, ५ ला उजेड. मी ते बघून रडले. मला कुणी पकडलं म्हणून नाही. इतके दिवस जे मी सांगू शकत नव्हते ते तिथे दिसत होतं आणि समोरचा माणूस त्यावर विश्वास ठेवत होता, एवढंच. त्या दिवशी औषधाची वेळ बदलली आणि त्याचा फरक पडला.

आता दुसरी बाजू, ही नीट वाच. ॲपमध्ये दर रविवारी संध्याकाळी ती नऊ प्रश्नांची प्रश्नावली यायची, पीएचक्यू-९, मागच्या दोन आठवड्यांत कसं वाटलं त्याची. नववा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दल असतो. एका रविवारी मी त्यात 'निम्म्याहून जास्त दिवस' निवडलं. माझ्या डोक्यात असं की आता कुणीतरी बघेल, फोन येईल. सोमवार गेला, मंगळवार गेला, बुधवारही गेला. गुरुवारी मीच फोन केला. तेव्हा कळलं की डेटा जमा होतो, पण रोजच्या रोज कुणी बघत नाही, महिन्याच्या शेवटी एकत्र बघतात, आणि हे संमतीपत्रात लिहिलेलं होतं. होतं लिहिलेलं, मी नंतर बघितलं. पण त्या चार दिवसांत मी एका मशीनला सांगून मोकळी झाले होते आणि म्हणून माणसांना सांगितलंच नाही.

म्हणून डेटा द्यायचा की नाही हे ठरवायच्या आधी एवढं विचार की तो बघणार कोण आणि कधी.

नाममात्र

माझं मत स्पष्ट आहे, सोशल मीडिया अजिबात देऊ नकोस.

डॉक्टरांवर माझा राग नाही, डॉक्टर प्रामाणिकच असतात. पण एकदा गोळा झालेली गोष्ट कुठेतरी साठवावी लागते आणि जिथे साठवली तिथून ती जाऊ शकते. फिनलंडमधलं वास्तामो आठवा. मानसोपचाराची केंद्रं चालवणारी कंपनी, २०२० मध्ये उघड झालं की जवळपास ३३,००० रुग्णांच्या नोंदी चोरीला गेल्यात, त्यात थेरपीत बोललेल्या गोष्टींच्या टिपा होत्या. चोराने आधी कंपनीकडे पैसे मागितले आणि मग एकेका रुग्णाला वेगळी ईमेल पाठवली की पैसे दे नाहीतर तुझं सगळं छापतो. ज्या माणसाने आयुष्यात एकदाच कुणाला तरी ते सांगितलं असेल त्याच्या इनबॉक्समध्ये ही ईमेल आली तेव्हा त्याचं काय झालं असेल, मला विचार करवत नाही.

आणि चोरीच व्हायला लागते असंही नाही. ऑनलाइन थेरपी देणाऱ्या बेटरहेल्पवर अमेरिकेच्या ग्राहक संरक्षणाच्या आयोगाने २०२३ मध्ये कारवाई केली, ७८ लाख डॉलर भरायला लावले, का तर लोकांनी खासगी म्हणून भरलेली माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅट वगैरेंकडे गेली होती. लोकांनी दिली होती मदत मिळावी म्हणून.

तू म्हणतोस तुझ्या डॉक्टर चांगल्या आहेत. असतीलच. पण फाइल त्यांच्या हातात राहणार नाहीये.

आकडेमोड

मी अशाच अभ्यासांमध्ये डेटा सांभाळायचं काम केलंय, संमतीपत्र घेऊन रुग्णांसमोर बसलोय सुद्धा, म्हणून थोडं आतलं सांगतो.

पहाटवारा, तुझं पेन जिथे थांबलं तिथेच बहुतेकांचं थांबतं. झोप, पावलं, मूड याला लोक पटकन हो म्हणतात, कॉलच्या नोंदी आणि लोकेशन आलं की खुर्चीत सरसावून बसतात. २०१९ च्या एका सर्वेक्षणातही असंच आलं होतं, आणि त्यात अजून एक दिसलं होतं की काय देतोय याइतकंच कुणाला देतोय याने उत्तर बदलतं. डॉक्टरला द्यायला तयार असलेला माणूस तीच गोष्ट घरच्यांना द्यायला तयार नसतो, किंवा आपल्या कायमच्या वैद्यकीय नोंदीत चिकटवायला तयार नसतो. त्यामुळे 'रुग्ण डेटा द्यायला तयार आहेत का' या प्रश्नाचं एक आकड्यातलं उत्तर कुणी देत असेल तर मी त्याला आधी विचारतो की नक्की काय आणि कुणाला.

एक आकडा पुष्कळदा सांगितला जातो, अमेरिकेतल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात विचारलं तेव्हा फेसबुक किंवा ट्विटर वापरणाऱ्या १४३२ जणांपैकी १००८ जणांनी, म्हणजे साधारण ७० टक्क्यांनी, सोशल मीडिया आणि वैद्यकीय नोंदी जोडायला परवानगी दिली. मोठा आकडा आहे. पण ते सगळ्या प्रकारचे पेशंट होते, मानसिक आजाराचेच नव्हे, आणि कुठल्याही अभ्यासाला जे हो म्हणतात ते मुळातच जरा विश्वास टाकणारे असतात. जो दारातूनच परत गेला त्याची मोजणी होत नाही.

आता हे उपयोगाचं आहे का. या सगळ्याला डिजिटल फीनोटायपिंग म्हणतात, शब्द साधारण २०१६ पासून रुळला. कल्पना साधी आहे की आजार माणसाच्या हालचालीत, झोपेत, बोलण्यात उमटतो आणि फोन त्या सगळ्याजवळ असतो. २०१५ चा एक गाजलेला अभ्यास आहे, त्यात जीपीएसवरून बघितलं की माणूस रोज ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी जातो का, किती वेगवेगळ्या ठिकाणी वेळ घालवतो, आणि त्याचा डिप्रेशनच्या प्रश्नावलीतल्या गुणांशी संबंध दिसला. पण कामाचा डेटा निघाला २८ जणांचा. २०१८ मध्ये स्किझोफ्रेनियाच्या १७ पेशंट्सवर अभ्यास झाला, आजार उलटण्याच्या आधीच्या दोन आठवड्यांत त्यांच्या फोन-वागण्यातल्या अनियमित गोष्टींचं प्रमाण ७१ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. ऐकायला जबरदस्त, पण ज्यांचा आजार उलटला ते पाचच होते. त्याच वर्षी ६८३ पेशंट्सच्या फेसबुक पोस्ट तपासल्या, त्यातल्या ११४ जणांच्या नोंदीत डिप्रेशनचं निदान होतं, आणि नुसत्या भाषेवरून ते निदानाच्या तीनेक महिने आधीही काही प्रमाणात ओळखता येत होतं. साधारण प्रश्नावलीने चाळणी करतो तितपतच, त्याहून फार अचूक नाही. म्हणजे हे आशा वाटण्यासारखं आहे, मी त्यासाठीच या कामात आलो, पण उद्या सकाळी तुझा मॅनिया कुणी ॲपवर पकडेल या भरवशावर सही करू नकोस. तुझ्या डेटाचा फायदा झाला तर तो बहुधा तुझ्यानंतरच्या कुणाला तरी होईल, आणि हे संमती घेताना तोंडाने सांगायला हवं, १४ पानांत कुठेतरी असून चालत नाही.

लोकेशनबद्दल मात्र नाममात्र यांना सोशल मीडियाबद्दल वाटते तशीच काळजी मलाही वाटते. नाव काढून टाकलंय, फक्त नंबर आहे, असं सांगतात. २०१३ मध्ये १५ लाख लोकांच्या मोबाइलच्या नोंदी तपासून दाखवलं गेलं की कुठे आणि किती वाजता असे फक्त चार बिंदू माहीत असले तर ९५ टक्के माणसं गर्दीतून वेगळी ओळखता येतात. रात्री जिथे फोन थांबतो ते घर, दिवसा थांबतो ते काम, यात नाव लिहायची गरजच नसते. म्हणून विचार की जीपीएस जसाच्या तसा जातो की फोनमध्येच हिशोब होऊन 'आज घरी १९ तास' एवढंच जातं. दोन्ही करता येतं. कॉलचंही तसंच, चांगल्या ॲपमध्ये समोरच्याचा नंबर फोनमधून बाहेर पडायच्या आधीच उलगडता येणार नाही अशा कोडमध्ये बदलतात. आणि टाइपिंग म्हणजे काय टाइप केलं ते नाही, दोन अक्षरांमधला वेळ आणि किती वेळा खोडलं ते, बायपोलरमध्ये यावर बरंच काम चाललंय, पण तुझं ॲप तेवढंच घेतं का हे विचारून घे, गृहीत धरू नकोस.

फेसबुकच्या फाइलबद्दल एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. ती फक्त तुझी नसते. त्यात तुला इतरांनी लिहिलेले मेसेज पण असतात, तू काय शोधलंस ते पण असतं. ज्या मित्राने तुला विश्वासाने काही लिहिलं त्याने कुठेच सही केलेली नाही. डाउनलोड करताना काय काय घ्यायचं ते निवडता येतं, मेसेज वगळता येतात.

पहाटवारा

बापरे, हे इतरांचे मेसेज माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी फक्त माझीच लाज धरून बसलो होतो. थँक्यू दादा.

कोरा_कागद ताई, तुमचे ते चार दिवस वाचून पोटात गोळा आला. आता बऱ्या आहात ना?

कोरा_कागद

बरी आहे रे. म्हणूनच लिहू शकले.

तिसरी_खिडकी

मी सहसा लिहीत नाही पण इथे लिहायलाच पाहिजे असं वाटलं.

मला स्किझोफ्रेनिया आहे. माझा आजार सुरू झाला तेव्हा मला खात्री होती की फोनमधून माझ्यावर पाळत ठेवली जातेय, मी सिम काढून ठेवायचो, कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावायचो, एकदा फोन पाण्याच्या बादलीत टाकला होता. आणि अशा माणसाला एक दिवस डॉक्टर विचारतात की तुमच्या फोनमध्ये आम्ही एक ॲप टाकू का जे तुमच्या हालचाली नोंदवेल. बाहेरच्या माणसाला वाटेल हा तर पळूनच जाणार. आमच्यासारख्यांना विचारतच नाहीत बरेचदा, परस्पर ठरवतात की हे नाही म्हणणार. आणि उलटंही होतं. २०१७ मध्ये अमेरिकेत एका गोळीला परवानगी मिळाली, आतमध्ये इवलासा सेन्सर, गोळी पोटात गेली की अंगावरच्या पट्टीला आणि तिथून फोनला कळणार की घेतली. औषध कुठलं तर ॲरिपिप्राझोल, म्हणजे स्किझोफ्रेनियाचंच. ज्यांना पोटात यंत्र बसवलंय असा भ्रम होऊ शकतो त्यांच्यासाठी हे बनवताना आमच्यातल्या किती जणांशी आधी बोलले असतील असा प्रश्न मला पडतो.

माझ्या बाबतीत काय झालं ते सांगतो. मी डॉक्टरांना सरळ विचारलं की मग माझा आजार म्हणत होता ते खरंच होतं ना, फोन ऐकतो ना. त्या 'असं काही नसतं' म्हणाल्या असत्या तर मी उठून गेलो असतो, कारण ते खोटं ठरलं असतं. त्या म्हणाल्या, फोन माहिती गोळा करतो हे खरं आहे, सगळ्यांचीच करतो, जाहिरातींसाठी करतो. तुमच्या आजाराने त्यात एवढं घातलं की ते फक्त तुमच्यासाठी आहे आणि तुमच्या वाईटावर आहे. मग त्यांनी माझ्याच फोनचं सेटिंग उघडायला लावलं, माझ्याच हाताने, आणि प्रत्येक ॲपला कशाची परवानगी आहे ते आम्ही शेजारी बसून एकेक बघितलं. त्यांच्या ॲपचं सगळ्यात शेवटी. बंद करायचं बटण कुठे आहे ते दोनदा दाबून दाखवायला लावलं.

पहिल्या दोन महिन्यांत मी ते तीनदा बंद केलं. एकदा तर नऊ दिवस. कुणी फोन करून का म्हणून विचारलं नाही, भेटीतही टोकलं नाही, ते आधीच ठरलं होतं. तिसऱ्या महिन्यापासून चालूच ठेवलं. बंद करता येतं याची खात्री पटायला मला तेवढे दिवस लागले.

लोकेशन मी दिलंय. सोशल मीडिया नाही दिला, पण पाळतीची भीती म्हणून नाही, तिथे मी आजाराबद्दल लिहितच नाही, तिथला मी वेगळा आहे आणि तेवढी एक जागा मला आजाराशिवायची ठेवायचीय.

मोठी_ताई

मी पेशंट नाही, धाकटी बहीण आहे माझी, तिला बायपोलर आहे. तेव्हा आमच्यासारख्यांचं पण ऐका जरा.

मला विचाराल तर मी सगळं द्या म्हणेन, लोकेशन, मेसेज, सगळं, कारण रात्री दोन वाजता ती फोन उचलत नाही तेव्हा आमच्या घरात काय होतं ते ज्याने बघितलं नाही त्याला प्रायव्हसी सुचते. नाममात्र, तुमचं चुकीचं आहे असं नाही म्हणत, पण भीतीलाही बाजू असते.

तरी मी केलेली चूक सांगते, कारण पहाटवाराला त्याच्या घरच्यांशी पण बोलावं लागेल कधीतरी. मागे एकदा तिची तब्येत बिघडायला लागली तेव्हा मी तिच्या नकळत तिच्या फोनवर लोकेशन शेअरिंग चालू करून ठेवलं. दोन महिने मला कळायचं ती कुठे आहे आणि मी शांत झोपायचे. एक दिवस ती घरी येऊन म्हणाली तू आज मला विचारलंस की बागेत थंडी होती का, मी तुला बागेत गेले होते हे सांगितलंच नव्हतं. बास. आरडाओरडा केला नाही तिने, ते परवडलं असतं. त्यानंतर चार महिने ती बाहेर जाताना फोन घरी टेबलावर ठेवून जायची. माझ्यासमोर ठेवायची. म्हणजे आधी जेवढं कळत होतं तेवढंही कळेनासं झालं, आणि खरंच काही झालं असतं तर तिच्या हातात फोनसुद्धा नसता.

आता तिचं तिनेच ठरवलंय. घड्याळातली झोपेची नोंद डॉक्टरांना आणि मला दिसते, बाकी काही नाही. सलग तीन रात्री पाच तासांच्या आत झोप झाली तर मी विचारायचं, आणि काय शब्दांत विचारायचं ते पण तिने सांगितलंय, 'बरी आहेस ना' म्हणायचं नाही, 'झोप कमी दिसतेय, डॉक्टरांना कळवू का' एवढंच म्हणायचं. मला ते कमी वाटतं, अजूनही. पण हे गेलं वर्षभर टिकलंय.

नाममात्र

ताई, भीतीला बाजू असते हे मान्य आहे, मी तो विचार केला नव्हता. पण तुम्ही जे सांगितलंत तेच मोठ्या प्रमाणावर झालेलं आहे एकदा. २०१४ मध्ये ब्रिटनमधल्या समॅरिटन्स या संस्थेने, जी आत्महत्या रोखण्यासाठी इतकी वर्षं काम करते, एक ॲप काढलं होतं. तुम्ही ट्विटरवर ज्यांना फॉलो करता त्यांच्या ट्वीटमध्ये निराशेचे शब्द आले तर ते तुम्हाला कळवायचं. ज्याचं ट्वीट तपासलं जातंय त्याला पत्ताच नाही, त्याची परवानगी नाही. हेतू शंभर टक्के चांगला होता. ज्या लोकांसाठी केलं त्यांनीच सगळ्यात जास्त विरोध केला, कारण त्रास देणारे लोकही फॉलो करतातच, आणि कोण कधी कोसळलंय हे नेमकं त्यांना कळलं असतं. दीड आठवड्याच्या आत बंद करावं लागलं. आणि त्या काळात किती जणांनी आपलं मन मोकळं करणं थांबवलं असेल ते कुठे मोजणार.

आकडेमोड

अजून एक राहिलं, आणि बायपोलरमध्ये हे सगळ्यात महत्त्वाचं आहे असं मला अनुभवाने वाटतं. संमती देणारा माणूस कायम एकाच मनःस्थितीत नसतो. मी मॅनिया चढत असलेल्या माणसाकडून संमती घेतलेली नाही, घ्यायचीच नसते, पण आधी स्थिर असताना आलेले आणि मधे चढलेले लोक बघितलेत, ते म्हणतात सगळं घ्या, पासवर्डसुद्धा घ्या, जगाला कळू दे. आणि डिप्रेशनमध्ये गेलेले कळवतात की माझं सगळं पुसून टाका, माझा काय उपयोग आहे. दोन्ही वेळा माणूस मनापासूनच बोलत असतो. पुसायला सांगितलं तर पुसायलाच हवं, तिथे वाद नाही, फक्त त्याच वेळी त्याला एक फोनही करायला हवा. पण वाढीव परवानगी चढत्या काळात दिली तर ती लगेच घ्यायची नाही, थांबायचं, असं काही तुझ्या संमतीपत्रात आहे का बघ. नसेल तर तू आत्ता स्थिर आहेस, आत्ताच स्वतःच्या हाताने लिहून लावून दे.

नाही म्हणायला जीभ रेटत नाही म्हणालास त्यावर: हे आम्हाला माहीत असतं, म्हणून नियमाने संमती शक्यतो उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी स्वतः घ्यायची नसते, दुसऱ्याने घ्यायची असते. तुझ्या डॉक्टरांनी विचारलं ते ठीक, पण सही करताना त्या खोलीत नकोत असं तू सांगू शकतोस. त्यांना वाईट वाटणार नाही, चांगल्या असतील तर बरंच वाटेल.

पहाटवारा

दहा दिवसांनी लिहितोय, काल जाऊन आलो.

सही घ्यायला दुसरी मुलगी होती, डॉक्टर बाहेर थांबल्या, मी सांगायच्या आधीच त्या म्हणाल्या मी नसलेलं बरं. मी तुमच्या सगळ्यांच्या उत्तरांतून प्रश्न एका कागदावर लिहून नेले होते, ती एकेक उत्तर देत गेली, दोन ठिकाणी म्हणाली मला माहीत नाही, विचारून सांगते, आणि आत जाऊन विचारून आली. मला ते आवडलं. लोकेशन जसंच्या तसं जातं असं कळलं, फोनमध्ये हिशोब होत नाही, म्हणून ती चौकट रिकामी ठेवली. कॉलचे नंबर कोडमध्ये जातात, ती टिक केली. टाइपिंगचा फक्त वेग आणि खोडाखोड, ती पण केली. अभ्यास संपल्यावर फाइल किती वर्षं ठेवणार, अर्ध्यात सोडलं तर आधीचं पुसणार का, हे त्यांच्याकडे लिहिलेलं होतं, मी पान दुमडून ठेवलंय.

फेसबुकचं सांगायचं तर घरी बसून फाइल डाउनलोड केली, मेसेज वगळून, फक्त माझ्या पोस्ट. आणि द्यायच्या आधी ती रात्र स्वतः उघडून वाचली. दोन वर्षांत पहिल्यांदा. चाळीस नव्हत्या, सव्वीस होत्या. पहिली रात्री ११:०५ ची, तिच्यात विशेष काही नाही, पूर्ण वाक्यं, नीट विरामचिन्हं. एक वाजेपर्यंत वाक्यं लांबत गेलेली आणि पूर्णविराम गायब. तीनच्या पुढे नुसते शब्द. मला आठवत होतं त्यापेक्षा त्यात वाईट कमी होतं आणि घाबरलेपण जास्त होतं, प्रत्येक दुसऱ्या पोस्टमध्ये मी कुणाला तरी जागे आहात का असं विचारत होतो. हे मला आठवतच नव्हतं.

ती फाइल अजून दिलेली नाही. आधी डॉक्टरांसोबत बसून ती रात्र एकत्र वाचायची असं ठरलंय पुढच्या भेटीत, अभ्यासासाठी म्हणून नाही, माझ्यासाठी. अभ्यासाला द्यायची की नाही ते त्यानंतर. त्या चौकटीपुढे तिने 'नंतर ठरवणार' लिहून तारीख घातली आणि खाली माझी सही घेतली. आणि शेवटच्या पानामागे मी माझ्या अक्षरात लिहिलंय की झोप चार तासांच्या खाली असताना मी कुठलीही नवी परवानगी दिली तर ती दोन आठवडे धरू नये.

कोरा_कागद

नवव्या प्रश्नाचं विचारलंस का?

पहाटवारा

सगळ्यात आधी तेच विचारलं ताई. शनिवार-रविवार कुणी बघत नाही, म्हणून माझी प्रश्नावली रविवारवरून मंगळवार सकाळी करून घेतली. उत्तर आलं की त्याच दिवशी तिथल्या नर्सचा फोन येणार, नाही आला तर मी करायचा. नंबर कागदावर लिहून फोनच्या कव्हरमध्ये मागे घातलाय.

कोरा_कागद

दुसरा कागद घरात कुणाकडे तरी देऊन ठेव.

पहाटवारा

दिलाय, भावाकडे.

मोठी_ताई

त्याला कुठल्या शब्दांत विचारायचं ते पण सांगून ठेव.